श्रोतृमंडळापासून सामुदायिक नभोवाणीपर्यंत

गावातील सर्व लोकांपर्यंत एखादी सूचना पोहोचवावयाची, तर आपल्याकडे पूर्वापार चालत आलेले साधन म्हणजे दवंडी. ग्रामसभेची तारीख असो, लसीकरणाचा दिवस असो, की घरपट्टी भरण्याची मुदत असो, चावडीसमोर आणि आळीआळीच्या तोंडाशी ती पुकारली जाई व आजही अनेक गावांत पुकारली जाते. दवंडीची उपयुक्तता वादातीत आहे. मात्र तिच्यात एक मूलभूत उणीव आहे. पुकारणारा पुढच्या आळीला निघून जातो. ऐकणाऱ्याच्या मनात आलेला प्रश्न त्याच्याजवळच राहतो. नभोवाणी हे साधन खेड्यात आले तेव्हा तिचे स्वरूपही दीर्घकाळ असेच, एका मोठ्या दवंडीचे होते. शहरातील केंद्रावरून सांगावयाचे आणि खेड्याने ऐकावयाचे, ही तिची रीत.

या एकमार्गी रीतीस छेद देणारा देशातील पहिला मोठा प्रयोग महाराष्ट्राच्या भूमीवरच झाला, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. सामुदायिक नभोवाणी केंद्रांच्या संदर्भात ग्रामपंचायतींनी काय करावे, असा प्रश्न आता विचारला जात असताना त्या प्रयोगाची माहिती करून घेणे अगत्याचे ठरते.

पुणे प्रयोग

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्यानंतर अवघ्या अडीच वर्षांत, म्हणजे १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, युनेस्कोच्या साहाय्याने तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी भाषक जिल्ह्यांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग हाती घेण्यात आला. पुणे, नाशिक, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे ते जिल्हे होत. सुमारे दीडशे गावे निवडण्यात आली. आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांचा या योजनेस सक्रिय पाठिंबा होता. प्रयोगाच्या मूल्यमापनाची जबाबदारी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होती व तेथे ते काम समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी पाहिले. मूळ कल्पना कॅनडातील होती. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांचे गट एकत्र बसून नभोवाणीवरील कार्यक्रम ऐकत व त्यावर चर्चा करीत असत.

प्रयोगाची रचना साधी होती. आठवड्यातून दोन वेळा, सायंकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. असे एकूण वीस कार्यक्रम ध्वनिक्षेपित झाले. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे मंडळ एका ठिकाणी जमून तो कार्यक्रम ऐके. कार्यक्रम संपला की संच बंद करावयाचा आणि ऐकलेल्या विषयावर आपसांत चर्चा करावयाची, असा दंडक होता. चर्चेचे टिपण ठेवले जाई. ज्या शंकांचे निरसन गावात होत नसे त्या लिहून पुणे केंद्राकडे पाठविल्या जात आणि पुढील कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे मिळत. चर्चेला वळण लावण्यासाठी व मंडळे चालू राहावीत यासाठी जिल्हावार संघटक नेमलेले होते.

या प्रयोगाचे खरे मोल त्याच्या तुलनात्मक पाहणीत आहे. मंडळे असलेल्या गावांखेरीज अशीही काही गावे पाहणीत घेण्यात आली, की जेथे रेडिओ संच होता पण मंडळ नव्हते. आणि काही अशी, की जेथे संचही नव्हता. प्रयोगापूर्वी व नंतर गावकऱ्यांच्या मुलाखती घेण्यात आल्या. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडल्याचे दिसून आले. जेथे नुसता संच होता तेथे मात्र ही भर अगदी अल्प होती. म्हणजे तेच कार्यक्रम, तीच मराठी भाषा, तोच ऋतू. फरक एवढाच, की एका गावात ऐकल्यावर लोक बोलत बसले आणि दुसऱ्या गावात ऐकून उठून गेले.

पाहणीत आणखी एक गोष्ट आढळली व ती योजनाकारांनाही काहीशी अनपेक्षित असावी. शेती, आरोग्य, सहकार अशा विषयांवर चर्चा करण्यासाठी जमलेली ही मंडळे थोड्याच अवधीत गावातील सामायिक कामांविषयी निर्णय घेऊ लागली. ग्रामपंचायत आणि गावसभा यांच्या मधली एक जागा त्यांनी आपोआप व्यापली. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ मध्ये व्हावयाचा होता, जिल्हा परिषदा १९६२ मध्ये यावयाच्या होत्या; त्यापूर्वीच एका रेडिओ संचाभोवती बसलेल्या वीस माणसांनी पंचायत राज्याचा धडा गिरविला होता. अर्थात ही मंडळे मुख्यतः पुरुषांची होती, हेही नमूद केले पाहिजे. पाण्याचा हंडा जिच्या डोक्यावर, ती पाण्याच्या चर्चेत नव्हती.

प्रयोगाच्या यशामुळे १९५९ मध्ये ग्रामीण श्रोतृमंडळांची योजना देशभर लागू करण्यात आली. मंडळांची संख्या वाढत गेली. परंतु पुण्यातील जोम तिच्यात टिकला नाही. दहा आठवड्यांच्या प्रयोगात संघटक गावोगाव फिरू शकतात, पाठविलेल्या प्रश्नास त्वरित उत्तर मिळू शकते. हजारो मंडळांच्या बाबतीत ते साधणे कठीण होते. प्रश्नाचे उत्तर येईनासे झाले की प्रश्न विचारणेही थांबते. पुढे खिशात मावणारे ट्रान्झिस्टर आले, ऐकणे घरोघरचे झाले आणि चावडीतील संचाभोवतीची बैठक मोडली.

ध्वनिलहरींचा मालक कोण?

श्रोतृमंडळात गाव बोलू लागले होते, तरी ध्वनिक्षेपणाचा हक्क त्याच्याकडे नव्हता. १८८५ च्या तार अधिनियमान्वये तो अधिकार शासनाच्या हाती होता. या स्थितीला कलाटणी मिळाली ती सर्वोच्च न्यायालयाच्या ९ फेब्रुवारी १९९५ च्या निर्णयाने. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या या प्रकरणात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे आणि त्यांचा वापर लोकहितासाठी व्हावयास हवा असल्याचे स्पष्ट केले. वाद होता खेळाचा. त्याचा लाभ मात्र कालांतराने खेड्यातील स्त्रियांनाही मिळावयाचा होता.

केंद्र शासनाने डिसेंबर २००२ मध्ये प्रथम शिक्षण संस्थांना सामुदायिक नभोवाणी केंद्र चालविण्याची अनुमती दिली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू झाले. नोव्हेंबर २००६ च्या धोरणाने हा परीघ वाढवून स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रे यांनाही त्यात स्थान दिले. त्यानंतर ऑक्टोबर २००८ मध्ये तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातील माचनूर या गावी ‘संघम् रेडिओ’ सुरू झाला. तो चालविणाऱ्या दलित शेतकरी स्त्रिया भरड धान्ये, घरचे बियाणे, आपल्या भागातील गाणी व बोली यांवर स्वतःच ध्वनिमुद्रण करू लागल्या. १९५६ च्या मंडळात जिला जागा नव्हती, तिच्या हाती आता केंद्रच आले होते.

महाराष्ट्रात याच सुमारास साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनचे केंद्र उभे राहिले. जत तालुक्यातील जालिहाळ येथे येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीची ‘येरळावाणी’, बारामतीस विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ आणि पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ ही आणखी काही नावे. यांतील माण व जत हे तालुके अवर्षणप्रवण. टँकर कधी येणार, छावणी कोठे लागणार, ही तेथील लोकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वार्ता. मोठ्या केंद्रावर तिला वेळ मिळणे शक्य नाही. आज देशात अशी पाचशेच्या आसपास केंद्रे आहेत. खेड्यांची संख्या लक्षात घेता हा आकडा लहानच म्हणावा लागेल.

पंचायत आणि केंद्र

सामुदायिक केंद्राच्या प्रक्षेपकाची शक्ती साधारणतः ५० वॅट व मनोऱ्याची उंची ३० मीटरपर्यंत असते. त्याचा आवाज सुमारे दहा किलोमीटरच्या टापूत ऐकू येतो. मध्ये डोंगर आला तर तेवढाही नाही, कारण या लहरी सरळ रेषेत जातात. ही मर्यादा वस्तुतः गुणच आहे. दहा किलोमीटरच्या आत बोलणारा आणि ऐकणारा एकमेकांस ओळखतात. चुकीचे बोलणारास दुसऱ्या दिवशी बाजारात जाब द्यावा लागतो. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार व्हावेत, असे धोरण सांगते. सल्लागार व कार्यक्रम समितीत निम्म्या जागा स्त्रियांना असाव्यात, अशी तरतूद २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे.

ग्रामपंचायतीच्या दृष्टीने या साधनाचा उपयोग कसा होऊ शकेल? ग्रामसभेचेच उदाहरण घेऊ. सभेची नोटीस फलकावर लागते, दवंडीही होते. कायद्याने ठरवून दिलेली ही रीत केंद्र आले म्हणून टाळता येणार नाही. पण नोटिशीत विषय असतो, विषयाचा अर्थ नसतो. ‘पंधराव्या वित्त आयोगाच्या आराखड्यास मंजुरी’ असे वाक्य वाचून किती जणांस बोध होईल? हेच विषय आठवडाभर आधी केंद्रावरून सोप्या बोलीत समजावून दिले, लाभार्थी निवडीचे निकष वाचून दाखविले आणि लोकांचे प्रश्न ध्वनिमुद्रित करून सरपंच व ग्रामसेवक यांच्याकडून त्यांची उत्तरे मिळविली, तर सभेस येणारा माणूस तयारीने येईल. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे. तेथे जे बोलले जाते ते पुष्कळदा तेथेच राहते. त्यातील मागण्या स्त्रियांच्याच आवाजात ग्रामसभेच्या आधी गावाने ऐकल्या, तर त्यांना डावलणे अवघड जाईल.

शिक्षकांचे साहाय्यही येथे मोलाचे ठरते. मुलांनी आजीकडून जुन्या दुष्काळाची, बुजलेल्या विहिरींची हकीकत ध्वनिमुद्रित करून आणली, तर इतिहास व भूगोल या दोहोंचा तो धडा होतो. शिवाय गावच्या जलस्रोतांची अशी माहिती हाती येते, जी कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

या मार्गात अडचणी नाहीत असे नाही. सर्वांत मोठी अडचण वृत्ताची. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या व राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम देण्यास मनाई आहे. हवामान, वीज व पाणीपुरवठा यांसंबंधीच्या सूचना, आरोग्यविषयक इशारे, परीक्षा व रोजगार यांची माहिती देता येते. म्हणजे ‘उद्या पाणी येणार नाही’ हे नि:शंकपणे सांगता येते. ‘पाणी का येत नाही’ ही चर्चा सुरू झाली की केंद्रचालक बिचकतो. वस्तुतः पाणी योजनेच्या कामाची माहिती देणे आणि तिच्यावरील प्रश्नास अधिकाऱ्याने उत्तर देणे यात राजकारण कोठे आहे? परंतु कोणत्याही नाराज सदस्याने तसा आक्षेप घेण्याचे ठरविले, तर तो घेता येतो. अशा वेळी अधिकाऱ्याने उत्तर देण्यास पुढे यावयाचे की ‘वरिष्ठांशी बोला’ म्हणावयाचे, यावर कार्यक्रमाचे भवितव्य अवलंबून राहते.

दुसरी अडचण पैशाची. जाहिरातींसाठी तासाला सात मिनिटांची मर्यादा होती, ती २०२४ मध्ये बारा मिनिटांवर नेण्यात आली. तथापि दहा किलोमीटरच्या टापूत जाहिरात देणारे दुकानदार ते किती! साहजिकच शासकीय जाहिरातींचा आधार घ्यावा लागतो, आणि जो पैसे देतो त्याला प्रश्न विचारताना जीभ थोडी जड होतेच. पंचायतीने आपल्या निधीतून केंद्रास साहाय्य करावयाचे झाल्यास हा धोका ओळखून ते ग्रामसभेच्या उघड ठरावाने करणे श्रेयस्कर.

प्रत्येक केंद्राने आपले सर्व कार्यक्रम तीन महिने जतन करून ठेवावयाचे असतात. नियमामागील हेतू देखरेखीचा आहे. पण सरपंचाने जून महिन्यात दिलेले उत्तर ऑगस्टच्या ग्रामसभेत पुन्हा ऐकविण्यास तो आड येत नाही.