बारका म्हणून खोडू नकोस

चि. बाळास,


अंबरनाथच्या हॉकी निवड चाचणीत तुला समितीवर घेतलं, हे ताईकडून कळलं. बरं वाटलं. तू पाठवलेली यादी आणि व्हिडिओ दोन्ही सावकाश पाहिले. बदलापूरच्या त्या लेफ्ट इनपुढे तू लिहिलंयस, ‘खेळ उत्तम, अंगयष्टी कमी, राखीव.’ हा शेरा काही मला पटला नाही. यादी जायला अजून वेळ आहे, म्हणून लिहितोय.

आधी त्याच्या हातातली स्टिक बघ. कुणातरी थोरल्याची ३६.५ इंची आहे, उभी धरली की पोराच्या बेंबीला लागते. उलट्या हाताने चेंडू घेताना स्टिकची मूठ पोटात अडते, मग तो कोपर बाहेर फेकून ती कशीबशी फिरवतो आणि तिथे क्षणभर उशीर होतो. तुला तो मनगटाचा अशक्तपणा वाटला. एकदा ३४ इंची देऊन बघ, मग बोलू.

आता चेंडू त्याच्यापाशी यायच्या आधीचं बघ. पास सुटायच्या आत तो खांद्यावरून मागे नजर टाकून घेतो. राइट हाफ अंगावर येतोय हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो चेंडू थांबवतच नाही. पहिल्याच स्पर्शात हाफच्या डाव्या अंगाला काढतो, जिथे त्याची स्टिक उशिरा पोचते. व्हिडिओतल्या त्या धिप्पाड सेंटर फॉरवर्डला हे एकदाही जमलं नाही. तो चेंडू अडवतो, मग मान वर करतो, मग ठरवतो. आज अंगाच्या जोरावर निभावतंय. दोन वर्षांनी समोरचे हाफही तेवढेच होतील, तेव्हा काय करणार?

आपल्या खेळात अंगाने ढकललं तर फाउल. बर्फावरच्या हॉकीत धडक देऊन माणूस आडवा करणं नियमातच बसतं, आणि तिथेसुद्धा मार्टिन सेंट लुई नावाचा ५ फूट ८ इंचांचा फॉरवर्ड होऊन गेला. संघ नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये त्याला एकाही संघाने उचललं नाही, कॅलगरीने घेतला आणि सोडून दिला. २००४ साली त्याच्या टँपा बे संघाने स्टॅन्ली कप जिंकला आणि त्या मोसमात लीगमध्ये सर्वाधिक गुणही त्याचेच. जिथे धडक चालते तिथे तो टिकला. मग जिथे धडक चालतच नाही, तिथे आपण वजनकाटा घेऊन का बसायचं?

आणि लांब कशाला जायचं? आपल्या अंबरनाथसारखीच खडकीलाही ऑर्डनन्स फॅक्टरी. तिथल्या मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाचा मुलगा मोडक्या स्टिका जोडून खेळायचा, अंगाने अगदी किरकोळ. धनराज पिल्ले. भाऊ रमेश मुंबईत आरसीएफकडून खेळायचा म्हणून हाही मुंबईला आला, तिथे जोकिम कार्व्हालोंच्या हाताखाली घडला. १९८९ ते २००४ भारताकडून खेळला, चार ऑलिम्पिक, आणि १९९८ च्या बँकॉक एशियाडमध्ये कर्णधार म्हणून ३२ वर्षांनी सुवर्ण आणलं. त्याला कुणी आधी तराजूत घातलं असतं तर?

मुलांचे जन्ममहिनेही बघून घे. वयाची सीमा १ जानेवारीला असली की जानेवारीतला आणि डिसेंबरातला एकाच गटात येतात, आणि तेराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे फार मोठा फरक. कॅनडात रॉजर बार्नस्ली या मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली हेच दाखवलं होतं: वरच्या हॉकी संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचीच गर्दी. (आमच्या पिढीत ही अडचण नव्हती. गुरुजींनी अर्ध्या वर्गाला १ जूनलाच जन्माला घातलं होतं.) तुझ्या यादीतल्या दोघांच्या ओठावर मिसरूड आहे. ते चांगले नाहीत असं नाही, पण ते लवकर वाढलेत, एवढं शेजारी लिहून ठेव.

मात्र कीव करून त्याला घेऊ नकोस. त्याच्यात खोट आहे. डीमध्ये, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळात, शिरला की मान खाली घालतो आणि चेंडू सोडतच नाही. बारक्या पोरांना ही सवय लागते, कारण चेंडू सोडला की परत मिळणार नाही असं वाटतं. डीत दोन स्पर्शांत मारायचं किंवा द्यायचं, असं बंधन घालून खेळव. पहिल्या पाच मीटरचा वेगही वाढवायला हवा. पायात ते आहे, सुरुवात आळशी आहे. आणि मुरमाच्या मैदानावरचं पोरगं टर्फवर पहिल्या दिवशी गांगरतं, चेंडू भसकन पुढे जातो. पुढची चाचणी टर्फवर असेल, तर आधी दोन-चार दिवस त्याला तिथे खेळू दे.

पूर्ण वेळ खेळवायला धास्ती वाटत असेल, तर बदली खेळाडूंवर आता बंधन नाही. दमलेल्या हाफवर दहा-दहा मिनिटं सोड. पण ‘राखीव’ लिहून बाकावर बसवून ठेवणं वेगळं.

निवड केलीस, तर त्याच्या वडिलांना आधी भेट. चर्चगेटच्या टर्फवर सकाळच्या सरावाला पोचायचं, तर बदलापूरहून पहाटेची लोकल धरून दादरला गाडी बदलावी लागेल, तीही स्टिक आणि दप्तर सांभाळत. शाळा बुडणार ती कोण भरून काढणार, हे ते विचारतीलच. तेव्हा त्याच्या वर्गशिक्षकांशी बोलूनच जा, आणि उल्हासनगरहून त्याच गाडीला येणारा एखादा मोठा मुलगा सोबतीला ठरवून ठेव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा