डाय दिल्यानंतरचे तास

भायखळ्यात एक्स-रे, सीटी आणि मग कॅथलॅब, अशी टेक्निशियन म्हणून माझी सारी नोकरी झाली. नातेवाईक ज्याला ‘डाय’ म्हणतात, ते कॉन्ट्रास्ट बहुतेकांना काही करत नाही. क्वचित कुणाच्या मेंदूला मात्र बाधतं. तेवढ्यापुरतंच इथे लिहितोय.

१. अंग गरम होणं वेगळं, भलतंच बोलणं वेगळं. आयोडीनचा डाय शिरेत गेला की अंगभर ऊब पसरते, लघवी झाल्यासारखं वाटतं आणि थोड्या वेळात ते ओसरतं. पण अँजिओग्राफीनंतर माणूस बरळू लागला, हात उचलेना किंवा झटका आला, तर ‘घाबरलेत, झोपू द्या’ म्हणू नका. तडक सिस्टरला बोलवा.

२. ‘दिसत नाही’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवा. लालबागचे एक काका लख्ख उजेडातल्या वॉर्डात विचारू लागले, “अगं, दिवे का घालवले?” काकू म्हणाल्या, “अहो, मी समोरच आहे.” टॉर्च मारल्यावर बाहुल्या व्यवस्थित आकसत होत्या, म्हणून कुणीतरी ‘नाटक करतायत’ असं म्हणालं. त्या शब्दाचा मला आजही राग येतो. अशा वेळी डोळे शाबूत असतात, बंद पडतं ते मेंदूच्या मागच्या भागातलं दृष्टीचं केंद्र. हृदयाच्या अँजिओग्राफीनंतर येणाऱ्या अशा अंधत्वाची नोंद १९७० सालीच झाली आहे. काकांना दुसऱ्या दिवशी अंधुक आणि मग स्वच्छ दिसू लागलं. बहुतेकांचं एक ते तीन दिवसांत भरून येतं, पण आधी स्ट्रोक किंवा रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. तेही सोपं नाही, कारण मेंदूत झिरपलेला डाय सीटीवर रक्तासारखाच पांढरा दिसतो. म्हणून डाय कधी आणि किती दिला, हे सीटी वाचणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

३. क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत ठेवा. कमजोर मूत्रपिंड, वाढलेलं बीपी किंवा पूर्वीचा अर्धांगवायू असेल, तर न विचारताही सांगा.

४. बाटलीवरचं लेबल वाचलं जातंय ना, हे विचारायला लाजू नका. मणक्यात सोडायचा डाय वेगळा असतो. शिरेत चालणारं युरोग्राफिन मणक्यात गेलं, तर झटके येऊन जीव जाऊ शकतो. पूर्वी मायोडिल हा तेलकट डाय वापरत. त्याचे पांढरे थेंब वर्षानुवर्षांनीही पाठीच्या एक्स-रेत दिसत आणि काहींना मज्जारज्जूच्या आवरणाच्या दाहाचं दुखणं जन्मभर पुरे. आमच्या भायखळ्याने तर याहून भयंकर पाहिलंय. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात मेंदूची सूज उतरवायला दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं आणि १४ रुग्ण दगावले. तो डाय नव्हता. पण न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीच्या बातम्या वाचल्यापासून, लेबल न वाचता मी एकही बाटली पुढे केली नाही.

५. एमआरआयचा डाय गॅडोलिनियमचा असतो. त्याचा अंश मेंदूत साठतो, हे २०१४ मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवलं. २०१७ मध्ये युरोपने त्यातले काही प्रकार थांबवले. त्या साठ्याने मेंदूला इजा होते, असं सिद्ध झालेलं नाही. तपासणी गरजेची असेल तर टाळू नका. फक्त दर वेळी डाय लागणारच का, एवढं विचारा.

६. त्रास झालाच, तर डायचं नाव, किती मिली दिला आणि काय झालं, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. पुढच्या तपासणीला जाताना ते कार्ड टेबलावर झोपण्याआधी दाखवा.