उबेचा हिशेब
(द्वितीय वर्ष, कला)

खुडूक बसलेली कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवरून क्वचितच उठते. त्या काळात, आणि पुढे पिलांमागे हिंडतानाही, ती अंडी देत नाही. आमच्या घरी आठ गावरान कोंबड्या आहेत. अंड्यांच्या पैशांतूनच माझा एस.टी.चा पास निघतो. म्हणून उबवणीचे काम घरगुती पेटीवर सोपविले. पेटीत ठेवलेले प्रत्येक अंडे म्हणजे आईने न विकलेले अंडे. तेव्हा ही हौस नव्हे, हिशेब आहे.

इजिप्तमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षांपासून मातीच्या भट्ट्यांत अंडी उबविली जात आली आहेत. तेथील कारागीर अंडे पापणीला लावून ऊब ओळखत. आपल्याला मात्र तापमापक हवाच.

पेटीसाठी झाकणाचा थर्माकोलचा खोका पुरतो. ऊब देण्यास जुन्या पद्धतीचे तारेचे दोन दिवे लावावेत. एलईडी दिव्याची ऊब पुरत नाही. दोन अशासाठी की एक गेला तरी दुसरा आधार राहतो. दिव्याभोवती जाळी हवी, नाहीतर थर्माकोल वितळेल. थर्मोस्टॅट दिवे आपोआप चालू-बंद करतो. अंड्यातील जीवालाही हवा लागते, म्हणून खाली व वर भोके ठेवावीत.

पंखा असलेल्या पेटीत 37.5 अंश सेल्सिअस तापमान ठेवावे. पंखा नसेल तर गरम हवा वर साचते. अशा वेळी अंड्यांच्या माथ्याशी मोजून सुमारे 38.5 अंश ठेवावे. थोड्या वेळच्या गारव्यापेक्षा जादा उष्णता अधिक घातक असते. कोंबडीसुद्धा दाणे टिपायला उठतेच की! म्हणून वीज गेली तर घाबरू नये. झाकण न उघडता पेटीवर गोधडी टाकावी, पण भोके बुजवू नयेत.

आता दमटपणा. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून अंड्यातील पाणी उडत असते. 50 ग्रॅमचे अंडे अठराव्या दिवशी सुमारे 44 ग्रॅम भरले, तर सारे ठीक समजावे. पाणी उडते तशी अंड्यातील हवेची पोकळी वाढते आणि पिलू पहिला श्वास तेथेच घेते. फार दमट हवेत ही पोकळी लहान राहते. फार कोरड्या हवेत पापुद्रा पिलाला चिकटतो. म्हणून पहिले अठरा दिवस आर्द्रता 50 ते 55 टक्के आणि शेवटचे तीन दिवस 65 ते 70 टक्के ठेवावी. ती पाण्याच्या खोलीने नव्हे, पसरटपणाने वाढते. म्हणून वाटीऐवजी परात घ्यावी. कोकणातील पावसाळ्यात पाणी कमी लागते, मराठवाड्यातील उन्हाळ्यात अधिक.

आर्द्रतामापक खरा की खोटा? थोड्या पाण्याने ओलसर केलेले मीठ व मापक हवाबंद डब्यात काही तास ठेवावे. काटा 75 टक्क्यांजवळ आला तर मापक खरा.

अंड्यावर एका बाजूस फुली, दुसरीस शून्य काढावे. दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावे. विषम संख्येमुळे रोजची रात्र एकाच कुशीवर जात नाही. अठराव्या दिवसापासून फिरविणे थांबवावे आणि झाकण उघडू नये, कारण दमट हवा निघून जाते.

सातव्या रात्री अंडे बॅटरीच्या उजेडात धरले की लाल शिरांचे जाळे दिसते. आई ते पाहून नुसती हसते. मी आकडे वहीत लिहिते. आमच्या घरात अशी वही पहिल्यांदाच लिहिली जात आहे.