महापौर मोठे की आयुक्त? (इयत्ता सहावी, नागरिकशास्त्र)



सहावीला शहरी स्थानिक शासन संस्थांचा पाठ आहे. नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका असं कोष्टक फळ्यावर काढलं की तासाभरात पाठ संपतो. मीही दोन-तीन वर्षं तसाच शिकवला. मग एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, महापौर शहराचे पहिले नागरिक ना? मग आमच्या गल्लीतलं गटार ते का नाही करून देत?" वर्ग हसला. मला मात्र धड उत्तर देता आलं नाही.

मुंबईचंच उदाहरण घ्या. तिथला कारभार आजही मुळात 1888 च्या कायद्यावर चालतो. त्यानुसार अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे. आयुक्त म्हणजे सनदी अधिकारी, त्यांना नेमतं राज्य सरकार. महापौरांना नगरसेवक निवडतात, मुदत अडीच वर्षं, आणि मुख्य काम सभा चालवणं. थोडक्यात, आपण निवडून दिलेल्यांच्या हाती ठराव आणि न निवडलेल्यांच्या हाती सही! इंग्रजांनी असं का केलं ते समजतं. पण स्वातंत्र्यानंतर सरकारं कुठल्याही पक्षाची आली, तरी ही पद्धत टिकलीच. शहरातली जमीन आणि पैसा हातचा कोण सोडेल?

74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली. बाराव्या अनुसूचीत 18 विषय आले, त्यात पहिलाच नगर नियोजन. पण त्यातलं काय आणि किती द्यायचं, ते राज्यानं ठरवायचं. म्हणून मुंबईत महापालिका असूनही एमएमआरडीए, म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण ही राज्याच्या अखत्यारीतली. महापालिकेने विकास आराखडा केला तरी अंतिम मंजुरी राज्याचीच. पैशाचंही तसंच. जकात हे मुंबई महापालिकेचं मोठं उत्पन्न होतं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, आणि त्याबदल्यात भरपाई राज्याकडून येऊ लागली.

सगळ्यात खटकणारी गोष्ट निवडणुकीची. राज्यघटना सांगते, पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. मुंबईच्या नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले, आणि मतदान झालं थेट 15 जानेवारी 2026 ला. मधली जवळपास चार वर्षं प्रशासकांची. 227 नगरसेवकांच्या शहरात एकही नगरसेवक नाही! आपण मात्र वर्गात 'दर पाच वर्षांनी निवडणूक होते' असं पाठ करून घेत होतो.

आता मी पाठाच्या आधी मुलांना एक काम देते. घरापासून शाळेपर्यंत दिसलेल्या दहा गोष्टी लिहा: नळ, दिवा, रस्ता, सिग्नलवरचे पोलीस, रेल्वे फाटक. प्रत्येकीपुढे ती कोणाकडे असेल ते लिहा. मुलं सगळीकडे 'नगरपालिका' लिहितात. मग एकेक खोडायला लागतो. पोलीस राज्याचे, रेल्वे केंद्राची. पालकांनी हे घरीसुद्धा करून बघावं, मोठ्यांचीही भंबेरी उडते.

गटारवाल्या मुलाला म्हटलं, चल, आपण सगळे मिळून अर्ज लिहू. मजकूर पाच मिनिटांत झाला. वर 'प्रति' लिहून पुढे कोणाचं पद लिहायचं, यातच उरलेला तास गेला.