मोडाच्या गव्हाचा खरा हिशेब: ताटात किती, गव्हाणीत किती?

भिजवून फडक्यात बांधलेल्या गव्हाच्या पुरचुंडीत दुसऱ्या दिवशी हात घातला की बोटांना ऊब लागते. दाणा जागा झालेला असतो, श्वास घेत असतो आणि अंकुर वाढवण्यासाठी स्वतःच्या पोटातले पिष्ट जाळत असतो. ही ऊब फुकट मिळत नाही. तिची किंमत दाण्यातूनच वसूल होते. मोड आणायला बसण्याआधी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचा सगळा हिशेब सोपा होतो.

सध्या कृषी प्रदर्शनात फिरताना एक फलक हमखास दिसतो: ‘एक किलो धान्यातून सात-आठ किलो हिरवा चारा, तोही आठ दिवसांत, मातीशिवाय.’ काट्यावर हे जवळपास खरे ठरते. पण वाढलेले वजन पाण्याचे असते, अन्नाचे नव्हे. उलट एक किलो गव्हातला कोरडा भाग आठ दिवसांत दहा ते वीस टक्क्यांनी घटतो. म्हणून मोड आणावेत की नाही, हा प्रश्न ‘वजन किती वाढले’ असा विचारू नये. ‘जे घटले त्याच्या बदल्यात काय मिळाले’ असा विचारावा. त्याचे उत्तर माणसासाठी एक आहे, कोंबडीसाठी दुसरे आणि गाईसाठी तिसरे.

आधी गहू नीट निवडा

मोडासाठी लोकवन, शरबती, खपली असा कोणताही गहू चालतो, फक्त दाणा अखंड आणि जिवंत हवा. खपलीचा दर साध्या गव्हाच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. चव आवडत असेल तर जरूर घ्या, पण केवळ मोडासाठी तेवढे पैसे घालवायची गरज नाही.

किमतीचा अंदाज यावा म्हणून सांगतो: २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामासाठी गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता, म्हणजे किलोला सव्वाचोवीस. निवडलेला, पाखडलेला गहू किराणा दुकानात त्याहून बराच महाग पडतो. खालच्या हिशेबात मी घरच्या खाण्यासाठी किलोला ४० रुपये आणि जनावरांसाठी ३० रुपये धरले आहेत. तुमच्याकडचा दर त्या जागी घाला, हिशेबाची रीत तीच राहील.

मोठी खरेदी करण्याआधी शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि तिसऱ्या दिवशी अंकुर मोजा. प्रमाणित बियाण्याला किमान ८५ टक्के उगवण लागते. खाण्याच्या गव्हात ८० दाण्यांना अंकुर आले तरी ठीक. त्याहून कमी असेल तर तो गहू सरळ दळायला द्या, कारण न उगवलेले दाणेच आधी कुजतात आणि बाकीचे बिघडवतात.

आता सगळ्यात महत्त्वाचे. पेरणीसाठी मिळणारे, औषध चोळलेले गुलाबी किंवा रंगीत बियाणे स्वस्तात मिळाले, उरले, कुणी दिले, तरी माणसाला, कोंबडीला वा जनावराला देऊ नका. बीजप्रक्रियेचे औषध धुऊन जात नाही. साठवणीसाठी बोरिक पावडर लावलेला किंवा पाऱ्याच्या गोळ्या ठेवलेला गहूही मोडासाठी वापरू नये.

घरच्या खाण्यासाठी: खर्च आणि कृती

सामान घरातलेच: पातेले, चाळणी, सुती पंचा. मोड आणण्याचे वेगळे डबे मिळतात, पण त्यांच्यावाचून काही अडत नाही.

गहू तीन-चार पाण्यांनी धुवा, दुप्पट पाण्यात आठ ते दहा तास भिजवा, पाणी पूर्ण निथळा आणि पंच्यात सैल बांधून चाळणीत ठेवा. दिवसातून दोनदा, उन्हाळ्यात तीनदा, पुरचुंडीवर स्वच्छ पाणी ओतून निथळू द्या. उन्हाळ्यात एका दिवसात आणि थंडीत दीड-दोन दिवसांत मोड दिसतात. दाण्याच्या लांबीएवढा मोड पुरेसा. त्यापुढे पांढरी मुळे एकमेकांत गुंततात, चव बदलते आणि पिष्टही अधिक जळते. एक किलो गव्हाचे या टप्प्यावर दीड ते पावणेदोन किलो मोड होतात.

उसळ, खीर, वाफवून कोशिंबीर हे सगळे करता येते. पण खरा फायदा आहे तो मोडाच्या पिठात. मोड सावलीत सुकवा, मग कडक ऊन द्या, हाताने चोळून मुळे पाखडून टाका, मंद आचेवर खमंग भाजा आणि गिरणीतून दळून आणा.

दोन किलो गव्हाचा हिशेब:

- गहू (४० रुपये दराने): ८० रुपये
- गॅस: ५ रुपये
- दळण (किलोला ८ रुपये, पावणेदोन किलो): १४ रुपये
- एकूण: ९९ रुपये
- मिळणारे पीठ: सुमारे पावणेदोन किलो
- एक किलो पिठाचा खर्च: सुमारे ५७ रुपये

त्याच गव्हाचे साधे पीठ दळून घेतले तर किलोला ४८ रुपये पडतात. म्हणजे मोडांसाठी किलोमागे ९ रुपये जास्त, शिवाय दोन-तीन दिवसांची देखरेख. पाकीटबंद मोडाचे पीठ विकत घेताना हा आकडा मनात असू द्या. त्यापुढचे पैसे तुम्ही वेळ वाचवण्याचे आणि वेष्टनाचे देता.

या ९ रुपयांत काय मिळते? मोड येताना गव्हातले फायटेट काही प्रमाणात फुटते. हे फायटेट लोह आणि जस्ताला धरून ठेवते, त्यामुळे ते कमी झाले की ही खनिजे शरीराला थोडी सहज मिळतात. दुसरे म्हणजे, दाण्यात अमायलेज हे पिष्ट फोडणारे विकर तयार होते. घरात लहान मूल असेल तर त्याची करामत पाहण्यासारखी आहे. घट्ट, गरम लापशीत चमचाभर मोडाचे पीठ घालून ढवळा, लापशी पाहता पाहता पातळ होते. पाणी न वाढवता ती बाळाला गिळता येते, म्हणजे त्याच्या छोट्या पोटात जास्त अन्न मावते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात यावर मोलाचे काम केले. मात्र यासाठीचे पीठ हलकेच भाजलेले हवे, करपवले तर विकर मरते. आणि पीठ घातल्यावर लापशीला पुन्हा एक उकळी द्या.

मोडाने काय होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. ग्लुटेन जात नाही, त्यामुळे सीलिअॅक हा आजार असलेल्यांना मोडाचा गहूही वर्ज्य. मधुमेह असेल तर तो धान्य म्हणूनच मोजा, कारण पिष्टाची साखर होऊ लागलेली असते. आणि गव्हांकुराचा रस एखादा गंभीर आजार बरा करतो असे कुणी सांगत असेल तर पाकीट खिशातच ठेवा.

मोड कच्चे खाऊ नका

मोडाला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही लागते. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई-कोलाय जंतूने पन्नासहून अधिक माणसे दगावली. आपल्याकडे मोड उकडून, परतून खाण्याची रीत आहे, ती सोडू नका. लहान मुले, गरोदर बाई आणि वयस्कर माणसे यांच्यासाठी तर मोड शिजवलेलेच हवेत. मोड चिकट झाले, आंबूस वास आला, पाणी फेसाळले किंवा धाग्यांसारखी करडी-काळी बुरशी दिसली, तर सगळेच फेका. (मुळांवरची पांढरी बारीक लव नैसर्गिक असते. पाणी ओतले की ती मुळाला चिकटते, बुरशी चिकटत नाही.) पाव किलो गव्हाचे दहा रुपये गेल्याची हळहळ नको.

कोंबड्यांसाठी: थोडे, पण रोज

परसात दहा कोंबड्या असतील तर रोज प्रत्येकी २५ ग्रॅम मोड पुरतात. तीन दिवसांच्या मोडाचे वजन गव्हाच्या सुमारे दुप्पट होते, म्हणजे रोज १२५ ग्रॅम गहू लागतो: पावणेचार रुपये रोज, महिन्याला ११२ रुपये. तेवढा कोरडा भाग ३५ रुपये किलोच्या अंड्यावरच्या खाद्यातून द्यायचा तर तोही रोज चार रुपयांना पडतो. म्हणजे तोटा नाही आणि मोठी बचतही नाही.

मिळते ते वेगळे. कोंबडीच्या पोटात फायटेट फोडण्याची ताकद तोकडी असते, त्यामुळे मोडाचा तिला थोडा उपयोग होतो. शिवाय बंद खुराड्यातल्या कोंबड्या दाणे-मुळे उकरण्यात गुंततात आणि एकमेकींची पिसे कमी टोचतात. अंड्याचा बलक पिवळाधमक हवा असेल तर मोड आणखी चार-पाच दिवस उजेडात ठेवून हिरवी पाती येऊ द्या, कारण रंग पातीतून येतो. पण तयार खाद्य बंद करू नका. अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८ टक्के प्रथिने आणि कवचासाठी भरपूर कॅल्शियम लागते. गव्हात प्रथिने ११-१२ टक्क्यांच्या आसपास असतात आणि कॅल्शियम नगण्य.

गाई-म्हशींसाठी: इथे कागद-पेन्सिल घ्या

ट्रेमधल्या चाऱ्यासाठी आपल्याकडे बहुधा मका वापरतात. जुने गोवे येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थेने मक्याच्या चाऱ्यावर बरेच काम केले आहे. गव्हाची रीत तीच: भिजवा, दिवसभर मोड येऊ द्या, ट्रेमध्ये बोटभर जाडीचा थर पसरा, थोड्या थोड्या वेळाने पाणी फवारा. आठव्या दिवशी मुळांची गादी आणि वर वीतभर हिरवी पाती, असा चारा उचलता येतो. एक किलो गव्हाचे चांगल्या हाताने सहा किलो होतात. त्यात कोरडा भाग १३ टक्क्यांच्या आसपास, बाकी पाणी.

रोज दोन किलो गव्हाची सोय करायची तर दीड बाय तीन फुटांचे १६ ट्रे लागतात. ट्रे २,४०० रुपये, मांडणी २,५००, शेडनेट हजार, पंप-फॉगर-टायमर ३,००० धरले तर ८,९०० रुपये होतात. तीन वर्षांवर वाटले तर रोजचे आठ रुपये. त्यात गहू ६० आणि वीज-पाणी ४ मिळवले की रोजचा खर्च ७२ रुपये. मिळतो १२ किलो चारा, म्हणजे कोरडा भाग दीड किलोच्या थोडा वर. घरच्या माणसाचा रोजचा तासभर यात धरलेलाच नाही.

कोणताही चारा ताडायचे सूत्र एकच: किलोचा खर्च भागिले कोरड्या भागाचा वाटा. प्रत्येक ओळीत धरलेल्या दराने कोरड्या भागाचा एक किलो असा पडतो:

- हिरवा मका, ४ रुपये किलो, कोरडा भाग २० टक्के: २० रुपये
- मुरघास, ८ रुपये किलो, ३० टक्के: सुमारे २७ रुपये
- गोळी पेंड, ३२ रुपये किलो, ९० टक्के: सुमारे ३६ रुपये
- त्याच गव्हाचा भरडा, दळणासह ३२ रुपये किलो, ८८ टक्के: सुमारे ३६ रुपये
- गव्हाचा ट्रेमधला चारा, ६ रुपये किलो, १३ टक्के: सुमारे ४६ रुपये

चौथी आणि पाचवी ओळ पुन्हा वाचा. गहू तोच, पण मोड आणल्याने तो दहा रुपयांनी महागला. चारशे किलोच्या गाईला दिवसाला सुमारे दहा किलो कोरडा भाग लागतो. तो सगळा ट्रेमधून द्यायचा म्हटले तर ७७ किलो गादी आणि ३८५ रुपयांचा नुसता गहू लागेल.

मुलाच्या लापशीत मोडाने जे काम केले, ते गाईच्या पोटात आधीच होत असते. तिच्या कोठीपोटातले जिवाणू फायटेट फोडतात, पिष्टही फोडतात. म्हणून दाण्यातला भाग जाळून आणलेल्या मोडाचा गाईला तेवढा लाभ होत नाही. तरी भर उन्हाळ्यात हिरवे पातेच दिसत नसेल, जमीन नसेल आणि दावणीला एक-दोन दुभती किंवा चार शेळ्या असतील, तर गाईला पाच ते दहा किलो गादी कडब्याच्या कुट्टीसोबत देणे शहाणपणाचे ठरू शकते. जनावर ती चवीने खाते, कोरडी कुट्टीही त्यासोबत जास्त जाते. पण तिची सवय आठवडाभरात हळूहळू लावा. कुट्टी बंद करून नुसती गादी देऊ नका, नाहीतर पोट बिघडते. गुंठाभर ओलीत मिळत असेल, तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘फुले जयवंत’सारख्या संकरित नेपियरची ठोंबे लावणे कितीतरी स्वस्त. एकदा लावले की तीन-चार वर्षे कापण्या मिळतात.

बुरशीबाबत कसलीही सवलत नको. बुरशी आलेले मोड खाऊन जनावरे थरथरल्याच्या, मागचे पाय लुळे पडल्याच्या आणि दगावल्याच्या नोंदी पशुवैद्यकात आहेत. गादीच्या तळाशी हिरवट-काळे डाग दिसले तर अख्खा ट्रे उकिरड्यात टाका. प्रत्येक फेरीनंतर ट्रे ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासा आणि उन्हात वाळवा.

यंत्र घेण्याआधी विक्रेत्याला विचारा

1. चाऱ्यातला कोरडा भाग किती टक्के? उत्तर ‘वजन आठपट’ असे आले तर प्रश्न पुन्हा विचारा.
2. मे महिन्यात, दुपारच्या उन्हात यंत्र चालताना कुठे पाहायला मिळेल? थंडीतले प्रात्यक्षिक पुरेसे नाही.
3. वीज गेल्यावर किती तास निभावते आणि महिन्याला किती युनिट लागतात?
4. पंप, टायमर आणि फॉगरची लेखी हमी किती महिन्यांची, सुटे भाग तालुक्याला मिळतात का?
5. ‘अनुदान मिळेल’ असे सांगत असतील तर योजनेचे नाव लेखी घ्या आणि आगाऊ रक्कम देण्यापूर्वी पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात खात्री करा.

एवढे करूनही मन होत असेल, तर यंत्राची घाई करू नका. घरातले दोन पसरट ट्रे घ्या, एक किलो गहू लावा आणि आठ दिवस स्वतः पाणी मारा. आठव्या दिवशी गादी तोला, तिच्यातला एक किलो वेगळा काढून पत्र्यावर कडक उन्हात वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवा आणि पुन्हा तोला. फार तर दीडशे ग्रॅम भरेल. ते मूठभर वाळलेले मोड हातात धरले की कुणी काही समजावून सांगायची गरज उरत नाही. आणि त्याच आठवड्यात पाव किलो गव्हाची पुरचुंडी स्वयंपाकघरातही बांधा. तिथला तोटा किलोमागे नऊ रुपयांचा आहे, आणि तो सोसावा असा आहे.