सफरचंदाच्या बागेंतील क्रॅबचें झाड

अलीकडे आपल्या महाराष्ट्रांतही कांहीं शेतकऱ्यांनीं कमी थंडीवर फळणाऱ्या ‘ॲना’, ‘डॉर्सेट गोल्डन’, ‘एचआरएमएन-९९’ ह्या जातींचीं सफरचंदाचीं कलमें लाविलीं आहेत. कलमांवर पैसा घालण्यापूर्वीं ह्या झाडाचा एक धर्म नीट समजून घेणें अवश्य आहे.

तो धर्म असा कीं, सफरचंदाच्या बहुतेक जातींचें फूल स्वजातीच्या परागानें फळत नाहीं. तसा पराग किंजल्कावर पडला, तरी त्याची नळी गर्भाशयापर्यंत न पोंचतां वाटेंतच खुंटते. एका जातीचीं सर्व कलमें म्हणजे एकाच झाडाचे अवयव. तीं शंभर लाविलीं तरी परागाच्या दृष्टीनें तें एकच झाड होय.

हिमाचलांतील कोटगड भागांत सॅम्युएल स्टोक्स ह्यांनीं १९१६ च्या सुमारास अमेरिकेंतून कलमें आणून लाविलीं. पुढें तांबड्या, गोड डेलिशस जातीस भाव चांगला येऊं लागला, तेव्हां कित्येक बागाइतदारांनीं तीच जात सर्वत्र लाविली व पराग देणाऱ्या इतर जातींस जागा ठेविली नाहीं. परिणाम असा झाला कीं, झाडें फुलांनीं लगडत, पण फळें थोडीं धरत. फुलोऱ्याच्या दिवसांत दुसऱ्या जातीच्या फुललेल्या फांद्या पाण्याच्या भांड्यांत घालून झाडांवर टांगण्याची तेथील रीत ह्या अडचणींतूनच निघाली.

येथें क्रॅब उपयोगी पडतो. क्रॅब म्हणजे बोराएवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या, आंबट-तुरट फळांचें सफरचंदाचें भावंड. त्याची एक जात हिमालयांत रानोमाळ उगवते. बाजारांत ह्या फळास कोणी विचारीत नाहीं, परंतु झाड फुलतें विपुल, आणि एक वर्षाच्या कोंवळ्या फांद्यांवरही फुलत असल्यामुळें बहर लांबतो. ‘मांचुरियन’, ‘स्नोड्रिफ्ट’, ‘गोल्डन हॉर्नेट’ हे क्रॅब ह्यासाठींच लावितात. वेगळें झाड लावण्यास जागा नसल्यास मुख्य झाडावरच क्रॅबची एक फांदी कलम करितात. आंबट झाडाच्या परागानें गोड फळ आंबट होईल, ही शंका पुष्कळांस येते. ती निराधार आहे. फळाचा गर मातृवृक्षाच्या फुलापासून होतो. परागाचा वांटा फक्त बीमध्यें उतरतो.

मात्र पराग वाहून नेण्यास मधमाशा पाहिजेत. ऐन बहरांत कीटकनाशक फवारणारा बागाइतदार आपलेच मजूर मारतो!

क्रॅबचे इतर उपयोगही आहेत. त्याचीं बियांचीं रोपें खुंट म्हणून फार दिवस वापरलीं गेलीं. आतां ठेंगणीं झाडें देणारे ईस्ट मॉलिंगचे खुंट पुढें आले आहेत. फळांत पेक्टिन व आंबटपणा भरपूर असल्यामुळें त्यांची जेली सहज गोठते.

थंड देशचे क्रॅब आपल्या उष्ण हवेंत वेळेवर फुलतील, असा भरंवसा धरूं नये. ॲना लावणारानें तिच्याबरोबर फुलणारी डॉर्सेट गोल्डन मधून मधून लावावी. फळें गळत असल्यास किंवा एका बाजूस खुरटलेलीं दिसल्यास एक फळ आडवें कापून बिया मोजाव्या. आंत पांच कप्पे असतात व प्रत्येकांत बहुधा दोन बिया. खुरटलेल्या बाजूचे कप्पे रिकामे आढळल्यास खताची मात्रा वाढविण्यापूर्वीं शेजारचीं झाडें कोणत्या जातीचीं आहेत, तें पाहावें.