लाइपझिगला शिकायला गेलेल्या भाचीस

पुणे, 12 नोव्हेंबर

चि. मनूस,

तुझी सविस्तर मेल पोचली. ट्राम गच्च भरलेली असली तरी कुणी कुणाशी बोलत नाही, बेकरीतल्या बाईंचं जर्मन वर्गातल्यासारखं वाटत नाही, आणि तू जरा अडखळलीस की समोरचा लगेच इंग्रजीवर येतो, या तुझ्या तक्रारी. पैकी ट्रामचं सोडून दे. अनोळखी माणसाला त्याच्या तंद्रीत राहू देणं ही तिथली रीतच आहे, त्यात तुझ्यावर राग नाही.

बेकरीचं मात्र मनावर घे. तू पुण्यात शिकलीस ते प्रमाण जर्मन, आणि लाइपझिग पडलं सॅक्सनीत. तिथल्या बोलीत 'प' 'ब'कडे झुकतो, 'ट' 'ड'कडे. पाव आजचाच का, असं तू विचारलंस, बाई 'नू' म्हणाल्या आणि तू नकार समजून तशीच परतलीस. अगं, तिथे 'नू' म्हणजे 'हो'! आता रोज त्याच बेकरीत, त्याच वेळेला जा. नेहमीचं गिऱ्हाईक झालीस की बाई आपणहून दोन वाक्यं जास्त बोलतील आणि तुझा कानही तयार होईल. घड्याळाचंही सांभाळ. 'फिर्टल द्राय' म्हणजे शब्दशः 'पाव तीन', पण तिकडे सव्वादोन. भेट ठरवताना वेळ आकड्यांत लिहून घे.

मला खरी काळजी वाटते ती इंग्रजीची. समोरचा भलेपणाने इंग्रजी बोलतो, आपण सुटलो म्हणून ते स्वीकारतो, आणि बघता बघता वर्ष जातं. तिथली पदवी घेऊन आलेल्या, पण घरमालकाशी फोनवर जर्मनमध्ये धड भांडता न येणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. तेव्हा 'मला शिकायचंय, जर्मनच बोलू या' असं हसून सांग. कुणी रागावत नाही. फ्लॅटमधल्या मराठी मैत्रिणींबरोबर खुशाल पोहे कर, पण संध्याकाळ रोज त्यांच्यातच घालवू नकोस.

त्याहून चांगली युक्ती म्हणजे वयस्कर माणसं गाठ. 1990 पर्यंत ते शहर पूर्व जर्मनीत होतं आणि शाळेत सक्तीची परकी भाषा रशियन होती. त्या पिढीतल्या अनेकांकडे इंग्रजीची पळवाटच नाही. ते सावकाश बोलतील, हातवारे करतील, पण बोलतील जर्मनच. त्यांना आदरार्थी 'झी' म्हणायचं. एकेरी 'डू'वर यायचं तर ते सुचवतील. अहो-जाहोत वाढलेल्या तुला हे वेगळं शिकवायला नको.

ही माणसं भेटतात बागांत. गावात कुंपणांनी आखलेले बागांचे छोटे छोटे तुकडे तुला दिसले असतील, प्रत्येकात एक लाकडी खोपटं. त्यांना श्रेबरगार्टन म्हणतात आणि ती चळवळ लाइपझिगचीच. 1864 मध्ये मुलांना खेळायला मैदान हवं म्हणून तिथे संस्था निघाली, तिला डॉक्टर श्रेबर यांचं नाव दिलं. मैदानाच्या कडेला मुलांसाठी वाफे केले. मुलं कंटाळली आणि आईबापच मातीत हात घालू लागले. एप्रिल उजाडला की तिकडे फिरायला जा. कुंपणापलीकडच्या आजोबांना एखाद्या रोपाचं नाव विचार. भोपळा, मेथी, कढीपत्ता यांवर तुलाही सांगण्यासारखं पुष्कळ आहे. बागा बंद असतील तोवर थॉमस चर्चमध्ये शुक्रवारी संध्याकाळी मुलांचा गायनवृंद ऐकायला जा. बाख 1723 पासून मरेपर्यंत तिथेच संगीतप्रमुख होता. छापील शब्द हातात घेऊन गाणं ऐकलं की उच्चार कानात बसतात.

गेल्या महिन्यात ऑगस्टुसप्लात्स चौकात लोक मेणबत्त्या लावताना पाहिलेस आणि कारण कुणाला विचारलं नाहीस, हे वाचून मला हळहळ वाटली. 9 ऑक्टोबर 1989 ला निकोलाय चर्चमधली प्रार्थना संपल्यावर सुमारे 70 हजार माणसं रस्त्यावर उतरली होती. सैन्य, पोलीस सज्ज होते. गोळी चालली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत उघडली. त्या संध्याकाळी रस्त्यावर असलेली माणसं आज तुझ्या ट्राममध्ये बसतात. ओळख झाल्यावर त्यांना विचार, तेव्हा तुम्ही कुठे होता? उत्तर लांबेल, अर्धं तुला कळणार नाही. मध्येच अडवू नकोस. घरी आल्यावर आठवेल ते वहीत जर्मनमध्येच लिहून काढ आणि मला पाठव. व्याकरण मी तपासून देईन.

रविवारी दुकानं बंद असतात, दूध-पाव शनिवारीच आणून ठेव.

तुझी,
मावशी